एका नथीचे पुणे दर्शन

१

आगाखान पॅलेसच्या फाटकात मिनीबस थांबली, नंदाताईंनी माइक तोंडाशी नेला, आणि तेवढ्यात मागच्या सीटवरून शालूबाई म्हणाल्या, "माझी नथ गेली."

नंदाताईंचं पहिलं वाक्य घशातच राहिलं. शालूबाईंच्या मांडीवर पर्स उघडी पडली होती आणि हातात नथीची लाल डबी होती. डबीत कापूस होता. कापसात नथीचा खळगासुद्धा होता. नथ तेवढी नव्हती.

"बसऱ्याच्या मोत्यांची हो," शालूबाई म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंची. उद्या साखरपुड्यात सुनेला घालायची म्हणून कराडहून जिवापाड जपत आणली."

आता ही मंडळी कोण, ते सांगायला हवं. शालूबाईंचा मुलगा साईनाथ हडपसरला सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याचं लग्न कोथरूडच्या ऋतुजाशी ठरलं होतं. साखरपुडा उद्यावर आला होता आणि कराडकरांना त्याआधी पेशव्यांची राजधानी बघायची होती. म्हणून साईनाथनं 'मुक्ताई टूर्स'ची मिनीबस दिवसभरासाठी ठरवली. गाडीत साईनाथ, शालूबाई आणि त्यांची नणंद सुशीलाबाई, म्हणजे साईनाथची आत्या. मुलीकडून ऋतुजा आणि तिची आई कुंदाताई. या दोघी जन्माच्या पुणेकर, त्यामुळे त्यांनीही शनिवारवाडा आतून आजच पाहिला. आत जायला तिकीट पडतं म्हटल्यावर खरा पुणेकर बाहेरूनच नमस्कार करतो.

आणि नंदाताई आगाशे या गाडीच्या गाईड. उभा जन्म त्यांनी बँकेच्या काउंटरवर काढला. मग बँकेत संगणक आले, पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि नंदाताईंनी पहिल्याच दिवशी अर्ज टाकला. यंत्राशी भांडता येत नाही, मग त्या नोकरीत राम काय उरला, असं त्यांचं म्हणणं. गाईडच्या कामात मात्र बोलायला मोप वाव होता.

"पर्वती चढायला मी पर्स गाडीत ठेवून गेले," शालूबाई म्हणाल्या. त्यांची नजर पुढे ड्रायव्हरच्या पाठीवर गेली. "गाडीत कोण होतं?"

ड्रायव्हर पोपटनं इंजिन बंद केलं. मागे वळून काही तो बघेना.

साईनाथनं खिशातून मोबाइल काढला. "आई, थांब. मी पोलिसांना फोन करतो. ड्रायव्हरला कुठं जाऊ देऊ नका."

२

नंदाताई खाली उतरल्या आणि पोपटच्या खिडकीशी गेल्या.

पोपट वाघोलीचा. हाच नगर रस्ता पुढे त्याच्या घराकडे जातो. पण त्याच्या घराच्या अलीकडे येरवड्याचा तुरुंग लागतो, आणि पोपट त्यात दीडेक वर्ष राहून आला होता. वाघोलीत प्लॉट पडायला लागले, वितीवितीला सोन्याचा भाव आला आणि बांधावरून चुलतभावाशी जुंपली. पोपटच्या हातात तेव्हा फावडं होतं. भाऊ वाचला, पण पोपट आत गेला. ही गोष्ट गाडीचे मालक ज्ञानदेव तुपे यांना ठाऊक होती आणि नंदाताईंना. 'माणूस चांगला आहे, ठेवा, जबाबदारी माझी,' असं ज्ञानदेवांना नंदाताईंनीच सांगितलं होतं.

"बाई," पोपट खालच्या आवाजात म्हणाला, "म्या पर्वतीला चहाच्या गाडीवर व्हतो. गाडीत आत्याबाई व्हत्या. तुमची शप्पत."

"माझी नको, स्वतःची घे. मला अजून बरीच वर्षं काढायची आहेत."

"पोलीस आलं की नाव इचारनार. नाव सांगितलं की समदं निघनार. मग नथ घावू नाय तर ऱ्हावू, मी पुन्हा आत. माजी बायकू, शकू, कुठं जाईल, बाई?"

भांडायला येणारे पुष्कळ त्यांनी पाहिले होते, पण असं लहान तोंड करून बघणाऱ्याला काय उत्तर द्यायचं हे त्यांना बँकेतही कधी जमलं नव्हतं.

तोवर साईनाथ खाली आला होता. "ड्रायव्हरच्या सीटखाली पेटी आहे ना? उघडा ती."

"उघडा की," पोपट म्हणाला. "जॅक हाय, पाना हाय, माजा डबा हाय, फडकी हायत. बाईंनी दिल्यालं सटरफटर हाय."

तो वाकलाही. पण नंदाताईंनी हात आडवा धरला. "थांब. आत्ता उघडलीस तर हे म्हणतील, मागच्या मागं काढून टाकलं. पेटी पोलिसांसमोरच उघडायची. तोपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही, साईनाथराव."

हे बोलताना नंदाताईंना स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. ते थोडाच वेळ टिकायचं होतं.

३

फाटकाजवळच्या कट्ट्यावर नंदाताईंनी पर्स मागून घेतली. "फोन तर झालाय. पोलीस येईपर्यंत नुसतं बसून काय करायचं? मला दोन गोष्टी विचारू द्या."

पर्सची चेन केव्हाच बिघडलेली होती. तिच्या जागी शालूबाईंनी सेफ्टी पिना लावल्या होत्या, ओळीनं, अगदी रफू केल्यासारख्या.

"या पिना तुम्ही आत्ता काढल्यात?"

"मग? जशा सकाळी लावल्या तशाच होत्या. म्हणून तर निर्धास्त राहिले ना मी, की आत नथ आहे म्हणून."

"म्हणजे चोरानं पिना काढल्या, डबी काढली, डबीतनं नथ काढली, डबी पुन्हा ठेवली आणि पिना पुन्हा लावल्या," नंदाताई म्हणाल्या. "फार संसारी चोर दिसतो. मी तर पुण्यात असा एकही पाहिला नाही. इथले पर्ससकट नेतात."

साईनाथ मोबाइलकडे बघत होता, तो आता पर्सकडे बघायला लागला.

नंदाताईंनी ऋतुजाला बाजूला घेतलं. सकाळी शनिवारवाड्यात ही पोरगी त्यांना हळूच म्हणाली होती, की माझं नाक टोचलेलं नाही आणि टोचून घ्यायचंही नाही.

"नथ गेली तर तुझं बरंच झालं की गं."

"काकू, प्लीज," ऋतुजा म्हणाली. "मला नथ नको, म्हणून मी चोरेन? मी डायरेक्ट सांगणार होते. आज रात्री. साईनाथला टेन्शन आलं होतं, तोच म्हणाला, आईला मी सांगतो."

"सांगितलं?"

"शनिवारवाड्यापासून सांगतोय. अजून तोंड उघडलेलं नाही."

साईनाथचे कान लाल झाले. याला चोरी करायला धाडस लागलं असतं, आणि ते याच्याकडे असतं तर आईशी बोलून मोकळा झाला असता. नंदाताईंनी दोघांनाही मनातून वगळलं.

कुंदाताईंना विचारायची सोयच नव्हती. त्या आधीच तापल्या होत्या. "आमच्यावर संशय असेल तर स्पष्ट सांगा. सकाळी घरी बोलावून चहा दिला, पोहे दिले, विहीणबाईंची खणा-नारळानं ओटी भरली. त्याचं हे फळ?"

राहता राहिल्या सुशीलाबाई. त्या कट्ट्याच्या टोकाला पदर तोंडावर धरून बसल्या होत्या. सकाळपासून या बाईंनी पुण्याचं काहीही धड बघितलं नव्हतं, कारण त्या सारख्या बोलत होत्या. आता मात्र मुक्या.

"सुशीलाबाई, पर्वतीला तुम्ही गाडीतच होतात ना?"

"गुडघे दुखतात माझे. डुलकी लागली होती."

"नथ तुमच्या आईची. वहिनीला गेली. वाईट नाही वाटलं कधी?"

सुशीलाबाईंनी पदर खाली केला. डोळे भरले होते. "वाटलं की. पंचवीस वर्षं वाटतंय. पण म्हणून मी भाच्याच्या साखरपुड्यात माती कालवीन होय?" मग एकदम आवाज चढला. "ड्रायव्हरला कशाला धरता? त्यानं नाही घेतली. घ्यायची तर या गाईडबाईंची झडती घ्या."

सगळे नंदाताईंकडे बघायला लागले.

४

नंदाताईंना आयुष्यात पुष्कळ लोक पुष्कळ काही म्हणाले होते, पण चोर कुणी म्हटलं नव्हतं. रागानं त्यांचं तोंड उघडलं आणि, पुण्यात हे क्वचितच घडतं, काही न बोलता मिटलं. कारण रागापेक्षा मोठा प्रश्न डोक्यात आला होता.

सगळ्या गाडीचा संशय पोपटवर असताना ही बाई त्याला सोडवते का? आणि माझ्याकडेच बोट का दाखवते?

जोगेश्वरी. तांबड्या जोगेश्वरीच्या देवळापासून ही बाई नंदाताईंच्या मागे लागली होती. देवळात शालूबाईंनी देवीची ओटी भरली, आणि मग नंदाताईंच्या कपाळाचं कुंकू पाहून म्हणाल्या, "आमच्याकडं सवाष्णीला मोकळ्या हातानं पाठवत नाहीत." खांबापाशी ठेवलेली आत्यांची ओटीची पिशवी त्यांनी जवळ ओढली. आत्या तेव्हा प्रदक्षिणा घालत होत्या. पिशवीतनं एक खण काढला, त्यावर तांदूळ घातले आणि नंदाताईंची ओटी भरली. खण अगदी साधा, मोरपंखी, सिंथेटिक. ब्लाउज शिवायला कुणी घेणार नाही, आणि ओटीत द्यायला सगळे घेतात, त्या जातीचा.

मग पर्वतीच्या वाटेवर आत्या शेजारी येऊन बसल्या. "तो खण तुम्हाला शोभायचा नाही. द्या इकडे, दुसरा देते." नंदाताईंना तो अपमान वाटला. त्या म्हणाल्या होत्या, "मी मिळालेल्या खणाला नावं ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका." आणि पर्वती उतरून आल्यावर नंदाताईंची गाडीत ठेवलेली पिशवी उलटीपालटी झालेली होती. पाण्याच्या बाटलीचं बूच वेगळं आणि चष्म्याचं घर वेगळं पडलं होतं.

त्या मोरपंखी सिंथेटिक खणासाठी कोण एवढं करेल? खणासाठी कुणीच नाही.

सकाळी शनिवारवाड्यात माइकवरून नंदाताईच म्हणाल्या होत्या, "पर्सा सांभाळा, इथं गर्दीत हात मारतात." मंडळी आत गेली, आत्या शालूबाईंची पर्स आणि ओटीची पिशवी घेऊन बाकावर बसल्या. पिनांची ती पर्स म्हणजे चोराला आमंत्रणच. कुठल्याही शहाण्या बाईनं नथ तिथून काढून अशा ठिकाणी ठेवली असती, जिथं आजवर जगातल्या एकाही चोरानं हात घातलेला नाही. ओटीतल्या खणाच्या घडीत. तो खण कुणी चोरत नाही, कारण कुणाला नकोच असतो. कुणी उघडतही नाही. आला तसा पुढे जातो.

आत्यांनी चोरी केली नव्हती. काळजी घेतली होती. आणि आता सांगायची चोरी झाली होती, कारण त्या नथीवर त्यांचा पंचवीस वर्षांचा राग साऱ्या कराडला माहीत होता. कोण विश्वास ठेवणार?

कोडं सुटलं म्हणून नंदाताई खूश झाल्या. खण आपल्या पिशवीत नाही, हे त्यांना त्यानंतर आठवलं.

देवळातून गाडीपाशी आल्याबरोबर त्यांनी तो पोपटला दिला होता. "शकूला दे," म्हणून. असं काहीबाही त्या दर आठवड्याला देत असत. आणि पोपटनं तो ठेवला होता पेटीत, जॅकच्या शेजारी, डब्याच्या पिशवीत. पोलिसांसमोर उघडायच्या पेटीत.

नगर रस्त्यावरून एक मोटारसायकल आत वळली. तिच्यावर हवालदार होते.

५

आता काय करायचं? नथ खणात आहे असं आधी सांगितलं, तर साईनाथ म्हणणार, तुम्हाला कसं कळलं? आणि ती ड्रायव्हरच्याच पेटीत कशी? पेटी आधी उघडली, तर पुढचं कुणी ऐकूनच घेणार नाही. नथ सापडायच्या आधी आत्यांनी स्वतःच्या तोंडानं बोलायला हवं होतं, तेही हवालदारांनी गाडी स्टँडला लावायच्या आत.

नंदाताई सुशीलाबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझी झडती खुशाल घ्या. पण तुम्हाला हवाय तो मोरपंखी खण मिळणार नाही. जोगेश्वरीच्या बाहेर एक फुलं विकणारी बाई होती ना, तिला दिला मी. म्हातारी हडपसरच्या बसमध्ये बसून गेली."

"दिला?" सुशीलाबाई ताडकन उठल्या. गुडघ्यांची आठवण राहिली नाही. "अहो बाई, काय केलंत हे? त्याच्या घडीत आईची नथ होती. गुलाबी कागदात बांधून मी आपल्या हातानं ठेवली होती."

साईनाथ गर्रकन आत्याकडे वळला.

"तुम्ही ठेवली होती," नंदाताई सावकाश म्हणाल्या, म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू जावं. "शनिवारवाड्यात. चोरीला जाऊ नये म्हणून."

"हो, मी. वन्संची नजर आहे नथीवर, असं वहिनी म्हणेल म्हणून बोलले नाही." त्या मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. "माझ्या आईची शेवटची वस्तू. फुलवालीला गेली."

"गेली नाही. फुलवाली नव्हतीच," नंदाताई म्हणाल्या. "खोटं बोलले, माफ करा. खण मी पोपटला दिला होता, त्याच्या बायकोसाठी. त्याला आत काय आहे ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. शालूबाई, देताना तुम्हालाही नव्हतं. पोपट, आता उघड पेटी."

पोपटनं डब्याची पिशवी काढली. घडी जशीच्या तशी होती, तांदळाचे दोन दाणे अजून अडकलेले. नंदाताईंनी ती शालूबाईंच्या हातात दिली. घडी उलगडली, गुलाबी कागद निघाला, कागदातून नथ निघाली. शालूबाईंनी ती कपाळाला लावली.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. कुंदाताईंनी मात्र सोडला नाही.

"थांबा जरा," त्या खणाचं टोक चिमटीत धरून म्हणाल्या. "हा तर मी सकाळी तुमच्या ओटीत घातलेला खण. दोन तासांत गाईडबाईंना देऊन टाकलात? विहिणीचा मान?"

शालूबाईंचा चेहरा पडला. नथ मिळाली आणि साखरपुडा जातोय, असा रंग दिसायला लागला. साईनाथ पुन्हा मोबाइलकडे बघायला लागला.

"आई," ऋतुजा म्हणाली, "तो खण आपल्याला मागच्या संक्रांतीला लेलेकाकूंनी दिला होता. तूच म्हणालीस, मेला रंग बघवत नाही, लग्नाकार्यात काढून टाकू."

कुंदाताईंनी खणाचं टोक सोडून दिलं. मग शालूबाईंच्या तोंडून फस्सकन हसू आलं, आणि ते बघून कुंदाताईंनाही आवरेना. ती संधी साधून साईनाथनं डोळे मिटून सांगून टाकलं, "आई, ऋतुजाला नाक टोचायचं नाहीये."

"मग चापाची करून घेऊ," शालूबाई म्हणाल्या. "त्यात काय विचारायचं? सोनार आहेत की." मग त्या सुशीलाबाईंकडे गेल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. "उद्या सुनेच्या नाकात ही तुम्ही घालायची, वन्सं. मी नाही."

हवालदार एव्हाना येऊन उभे राहिले होते. "कुणाचं काय गेलं?"

"गेलं होतं, मिळालं," नंदाताई म्हणाल्या. "आपल्याला उगाच त्रास झाला."

हवालदारांचं लक्ष नव्हतं. ते पोपटकडे निरखून बघत होते. "तू रे? आत होतास ना तू? बागकामाला होतास. मी गेटवर ड्यूटीला होतो."

पोपटनं मान खाली घातली. झालं. नथ मिळाली, चोर नव्हताच हे सिद्ध झालं, आणि तरी ते निघालंच. साईनाथ एक पाऊल मागे सरकला. नंदाताई बोलायला पुढे सरसावल्या.

पण आधी बोलल्या त्या शालूबाई. "आत म्हणजे तुरुंगात?"

"हो, ताई," पोपट म्हणाला. "भावाला मारलं व्हतं. बांधावरून."

शालूबाईंनी हातातल्या नथीकडे पाहिलं. मग सुशीलाबाईंकडे पाहिलं, ज्यांच्याशी त्या याच नथीवरून पंचवीस वर्षं धड बोलल्या नव्हत्या.

"भावाभावांत होतं असं," त्या म्हणाल्या. "आमच्या हातात फावडं नव्हतं, एवढाच काय तो फरक. मी मघाशी तुम्हाला चोर ठरवलं, पोपटराव. चुकलं माझं. उद्या सकाळी आम्हाला कार्यालयात न्यायला तुम्हीच या. दुसरा ड्रायव्हर मला नको. आणि जेवायला बायकोला आणा, ती पंगतीत माझ्या शेजारी बसेल."

पोपटनं हवालदारांकडे पाहिलं. हवालदार मोटारसायकलला किक मारत होते. मग त्यानं नंदाताईंकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि ते जमेना म्हणून म्हणाला, "मागल्या चाकात हवा कमी वाटतीया. बघून येतो."

तो गाडीच्या मागे गेला आणि बराच वेळ आला नाही. चाकात हवा चांगली भरलेली होती, नंदाताईंना इथूनही स्पष्ट दिसत होतं. जिभेवर वाक्यही तयार होतं. ते त्यांनी गिळलं आणि मंडळींना म्हणाल्या, "चला, पॅलेस बघून घेऊ. त्याला वेळ लागेल."